लाडवाचा डबा आणि सातासमुद्रापारचा कर

न्हावऱ्याच्या बचत गटांची समन्वयक म्हणून मी आज तुमच्याशी बोलतेय. विषय आहे जगाच्या व्यापाराचा. ऐकायला मोठा वाटेल, पण तो आपल्या लाडवाच्या डब्यापर्यंत येऊन पोचलाय. २०२५ साली ऐन दिवाळीच्या तोंडावर भारतातून अमेरिकेला जाणारी टपालाची पार्सलं दीड महिन्याहून जास्त बंद राहिली. असं का झालं, हे समजायला जरा मागं जाऊ.

१८७४ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात बऱ्याच देशांनी मिळून टपालाचा करार केला. एका देशाचं टपाल दुसऱ्या देशानं पोचवायचं, असं ठरलं. १८७६ साली भारतही त्यात आला. पुढच्याच वर्षी, १८७७ मध्ये, आपल्याकडे व्ही.पी. सुरू झाली. माल पोस्टमन आणून देणार, पैसे तोच घेणार आणि विकणाऱ्याला पोचवणार. आज आपण फोनवर मागवतो आणि दारात पैसे देतो, त्याची ही पणजीच म्हणायची. दुकान नसलेल्या माणसाला गिऱ्हाईक मिळवून दिलं ते टपालानं.

पण परदेशी पार्सलाला वाटेत एक नाकं लागतं, आयात कराचं. अमेरिकेनं १९३८ साली ठरवलं, की अगदी किरकोळ किमतीच्या वस्तूवर कर घ्यायचा नाही. तेव्हा ही सूट होती फक्त एका डॉलरपर्यंत. कारण साधं होतं. दोन पैशांचा कर वसूल करायला चार पैशांचा कारकून बसवणं परवडत नाही. पुढे ही मर्यादा वाढत गेली आणि २०१६ साली ८०० डॉलर झाली.

त्याच वर्षी आपल्याकडे यूपीआय आलं. हातात फोन आला, फोटो पाठवता येऊ लागले, पैसे खात्यात येऊ लागले. परदेशातल्या लेकीला गावाकडची चकली दिसू लागली आणि मागवताही येऊ लागली. लहान उद्योगाला हे दार उघडलं ते फोननं, असं आपल्याला वाटतं. ते खरंच आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं दार त्या करमाफीनं उघडून धरलं होतं, आणि ते आपल्याला दिसत नव्हतं.

त्या दारातून इतरही शिरले. चीनमधल्या ऑनलाइन दुकानांची स्वस्त कपड्यांची पार्सलं अमेरिकेत लोटली. २०२४ च्या आर्थिक वर्षात करमाफीची तब्बल १३० कोटींहून जास्त पार्सलं तिथं उतरली. तिथले कारखानदार ओरडू लागले. मग २ मे २०२५ पासून चीन आणि हाँगकाँगच्या मालाची सूट गेली, आणि २९ ऑगस्टपासून सगळ्याच देशांची. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तसं झालं.

कर कुणी गोळा करायचा, कसा भरायचा, याची घडी बसलेली नव्हती. म्हणून भारतीय टपाल खात्यानं २५ ऑगस्टपासून बहुतेक पार्सलं थांबवली आणि थोड्याच दिवसांत सगळंच टपाल. आपणच नाही, जगातल्या ८० हून जास्त टपाल संस्थांनी अमेरिकेची सेवा बंद केली किंवा कमी केली. आपली सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजनाला तेव्हा सहा दिवस उरले होते. फराळ काही दिवाळीनंतर खपत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

सेवा सुरू झाली ती ५० टक्के कर घेऊन, आणि तोही इथंच पार्सल देताना भरायचा. म्हणजे दोन हजारांच्या फराळावर हजार रुपये कर. त्यातला निम्मा कर कशासाठी होता माहीत आहे? भारत रशियाकडून तेल घेतो म्हणून! खनिज तेलाचं भांडण, आणि भुर्दंड तळणीच्या चकलीला. कराचे दर पुन्हा बदलू शकतात. पण लहान माल आपोआप सुटतो, हे दिवस गेले.

या साऱ्यात एक सूट टिकली. १०० डॉलरपर्यंतची भेटवस्तू करमाफच राहिली. घरी केलेले पदार्थ स्वतः कुणाला भेट पाठवले, तर तिथल्या अन्न-औषध खात्याला आगाऊ कळवायचीही गरज नसते. विकायचा माल असेल तर कळवावं लागतं. बघा मैत्रिणींनो, आईनं पाठवला तर लाडू म्हणजे माया, गटानं विकला तर तोच लाडू म्हणजे व्यापार. आपल्या हातच्या कामाला पिढ्यान्‌पिढ्या माया म्हणूनच मोजलं. आता आपण त्याचा दाम घेतो, तर व्यापाराचे कागदही आपलेच. विकलेल्या मालावर ‘भेट’ लिहून पाठवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पकडलं गेलं तर माल जातो आणि गटाचं नावही जातं.

मग करायचं काय? अन्न सुरक्षेची नोंदणी गटाच्या नावानं असू द्या. परदेशी माल पाठवायचा तर आयात-निर्यात क्रमांक लागतो, तो ऑनलाइन मिळतो. टपाल खात्यानं देशभर डाकघर निर्यात केंद्रं उघडली आहेत, तिथं कागदपत्रांची मदत मिळते. पार्सल बांधण्याआधी त्या आठवड्याचा कर किती, हे विचारा आणि तो कोण भरणार हे गिऱ्हाइकाशी आधीच बोलून घ्या. सगळा माल एकाच देशाच्या भरवशावर करू नका. शिरूर, दौंड, पुणे हे आपलं घरचं गिऱ्हाईक आधी सांभाळा.

आणि शेवटचं. हे नियम ठरवताना मोठे कारखानदार आपलं म्हणणं मांडतात. आपलं कोण मांडणार? ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. ज्यांची पार्सलं अडकली त्यांचा हिशेब वहीत लिहून ठरावासोबत वर पाठवा. मागणी केल्याशिवाय कुणी विचारत नाही, हे आपण रेशनपासून रस्त्यापर्यंत शिकलोच आहोत.