कोहिम्याची माघार

सेनापतीची आज्ञा मोडणें हें लष्करी धर्मांत महापातकच होय. परंतु ज्या आज्ञेमागें अन्नच नाहीं, तिचें बंधन कोठवर मानावयाचें? १९४४ सालीं कोहिमा येथें जपानी लेफ्टनंट जनरल कोतोकु सातो यांच्यापुढें हाच प्रश्न उभा राहिला. १८९३ सालीं जन्मलेले सातो कांहीं शांतिदूत नव्हते. आक्रमक फौजेच्या ३१ व्या डिव्हिजनचेच ते नायक होते. मार्चमध्यें चिंदविन नदी ओलांडतांना शिपायांजवळ सुमारें तीन आठवड्यांचाच शिधा होता. एप्रिलमध्यें त्यांनीं कोहिम्यास वेढा दिला. पण ब्रिटिश-हिंदी सैन्य हटलें नाहीं, पावसाळा लागला, आणि कबूल केलेली रसद पोंचलीच नाहीं. वरिष्ठ जनरल मुतागुची माघारीस संमति देईनात. अखेर मे महिना सरतांना सातोंनीं स्वतःच्या जबाबदारीवर उपाशी पलटणी मागें घेतल्या.

जुलैंत ते पदच्युत झाले. लष्करी न्यायासनापुढें सारी हकीकत मांडावी, ही त्यांची इच्छा. पण त्यांना मनोरुग्ण ठरवून तो मार्गच बंद करण्यांत आला. १९५९ सालीं ते वारले. खटला चालता, तर रसदेविना फौज धाडणारेहि आरोपीच्या पिंजऱ्यांत दिसले असते. त्यापेक्षां शहाण्यास वेडा म्हणणें वरिष्ठांस सोपें वाटलें असावें.