उभे झाड आणि नोंदणीचा कागद

श्रोतेहो, आरमोरीच्या जंगलातल्या एखाद्या उभ्या सागाकडे बोट दाखवून कुणी विचारले, की ही जमीन म्हणायची की लाकूड, तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल. पण हाच प्रश्न १९५८ साली दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात पाच न्यायाधीशांपुढे आला होता, आणि तो गेला होता आपल्याच मुलखातून. आरमोरीहून वैनगंगेच्या काठाने वर गेले की भंडारा जिल्हा लागतो. खटला तिथला. वकील मंडळी त्याला ‘शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य’ म्हणतात.

हकीकत अशी. २६ एप्रिल १९४८ रोजी एका जमीनदाराने आपल्या पत्नीला कागद करून दिला. २६,००० रुपयांच्या मोबदल्यात त्याच्या जंगलातले इमारती लाकूड, जळाऊ लाकूड आणि बांबू तोडून नेण्याचा हक्क तिला डिसेंबर १९६० पर्यंत मिळाला. कागद नवराबायकोतला; नोंदणी काही झाली नाही.

पुढे ३१ मार्च १९५१ उजाडला आणि जुन्या मध्य प्रदेशातली मालगुजारी, जमीनदारी संपली. आपला चांदा जिल्हाही तेव्हा त्याच राज्यात होता. आज ज्याला आपण मामा तलाव म्हणतो, तो माजी मालगुजारी तलाव झाला तो या कायद्यानेच. जंगलेही सरकारची झाली. बाईंनी भंडाऱ्याच्या डेप्युटी कमिशनरकडे अर्ज केला, परवानगी मिळाली, तोड सुरू झाली. मग जंगलखात्याच्या अधिकाऱ्याने ती परवानगी मानली नाही आणि तोडलेला माल जप्त करण्याचा हुकूम काढला. एका साहेबाने दिले, दुसऱ्याने काढून घेतले! राज्य सरकारकडे दाद लागेना, तेव्हा मालमत्तेचा आणि धंद्याचा मूलभूत हक्क हिरावला म्हणून त्या थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९५६ च्या नोव्हेंबरात विदर्भ मुंबई राज्यात आला होता, म्हणून प्रतिवादी मुंबई राज्य.

आता बघा, तुम्हीआम्ही असतो तर विचारले असते, परवानगी दिली होती ना? पैसे मोजले होते ना? न्यायालयाने आधी विचारले ते निराळेच. बाईंना मिळालेला हक्क मुळात कसला?

शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेतला हक्क देणारा कागद नोंदवावा लागतो. जमिनीत रुजलेले झाड स्थावर. पण कायद्याने ‘उभे इमारती लाकूड’ त्यातून वगळले आहे. मग ही झाडे कुठल्या खात्यात घालायची? न्यायमूर्ती विव्हियन बोस हे पूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांनी वेगळे निकालपत्र लिहून याचा उलगडा केला. झाड तोडण्याजोगे झाले असेल आणि लवकरच तोडायचे असेल, तर मुळावर उभे असूनही ते लाकूडच. आणखी काही काळ मातीतून रस घेऊन वाढायचे असेल, तर ते जमिनीत मोडते. घराच्या आढ्यासाठी या आठवड्यात पाडायचा साग निराळा आणि नातवासाठी राखलेला साग निराळा, असेच की! इथे मुदत बारा वर्षांहून अधिक. बाई थांबू शकत होत्या, झाडे वाढू शकत होती. म्हणजे हक्क स्थावरातला, आणि नोंदणीवाचून तो त्यांच्याकडे आलाच नाही.

बरे, हा नुसता करार होता असे धरले तर? सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी त्याचेही उत्तर दिले: करार सरकारशी झालेला नव्हता, सरकारला तो बांधत नाही. २४ मार्च १९५८ रोजी अर्ज फेटाळला गेला.

शिक्षकबंधूंनी वर्गात सांगावी अशी गोष्ट याच्या मागेपुढे आहे. डिसेंबर १९५२ मध्ये याच न्यायालयाने, याच कायद्याखाली, मालगुजारांकडून तेंदूपाने, लाख आणि लाकूड घेतलेल्या ठेकेदारांच्या बाजूने कौल दिला होता. सरकारने त्यांच्या करारांत हात घालू नये, असे तेव्हा ठरले. १९५५ साली ओडिशातल्या चिलिका सरोवरातील मासेमारीच्या खटल्यात न्यायालयाचा सूर बदलला, आणि १९५९ मध्ये ‘महादेव’ खटल्यात तेंदूपानांचे ठेकेदार पुन्हा आले ते हरले. पान तेच, कायदा तोच! मला तरी दुसरी वाट योग्य वाटते. पहिलीने मालगुजार गेला असता, पण त्याचे जंगल ठेक्यांत अडकून राहिले असते.

मात्र या सगळ्या खटल्यांत उभे कोण? एका बाजूला ठेकेदार, दुसऱ्या बाजूला सरकार. पान तोडणारी बाई, निस्तारासाठी काटक्या आणणारा माणूस कुठेच पक्षकार नव्हता. आणि समोर नाही त्याचा हक्क न्यायालय आपण होऊन ठरवीत नाही. ‘निस्तार’ हा शब्द नाव घेऊन वनहक्कांत आला तो २००६ च्या कायद्यात. २००९ साली गडचिरोली जिल्ह्यातल्याच धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर नेण्यावरून अडलेच, कारण १९२७ चा वन कायदा बांबूला झाडात धरी आणि २००६ चा कायदा गौण वनोपजात. २७ एप्रिल २०११ रोजी गावाच्या हाती वाहतूक परवान्याचे पुस्तक आले. १९२७ च्या कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून बांबू हा शब्द वगळायला मात्र २०१७ साल उजाडावे लागले.