वकिलांचा चाप

बंदुकीची नळी, दारू, गोळी यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. चापाबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. खरे तर नेम चुकतो तो पुष्कळदा चापापाशीच. हिशेब साधा आहे. अमेरिकेत खारी-सशांच्या शिकारीसाठी वापरतात ती पॉइंट टू-टू रायफल साधारण सहा पौंडांची, म्हणजे पावणेतीन किलोची. तिचा चाप ओढायला पाच-सहा पौंडांचा जोर लागत असेल, तर जवळजवळ तिच्या वजनाइतक्याच ताकदीने आपण तिला एका बोटाने खेचत असतो. मग हात स्थिर राहावा कसा? त्यात लक्ष्य म्हणजे खारीचे डोके, लिंबाहून लहान.

कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसळे यांनी 2024 साली पॅरिसला कांस्यपदक मिळवले, ते याच व्यासाच्या रायफलीने. पण त्या स्पर्धेत चाप कितीही हलका ठेवायची मुभा असते. खांद्याला बंदूक लावून रानात हिंडणाऱ्याला ती चैन नाही. ठेच लागली, फांदी अडकली, तरी बार उडता कामा नये.

यावरचा जुना उपाय मला फार शहाणपणाचा वाटतो. सोळाव्या शतकातल्या जर्मन शिकाऱ्यांच्या क्रॉसबोवर, म्हणजे दांड्यावर आडव्या बसवलेल्या धनुष्यावर, तो आढळतो. पुढे तो रायफलीवर आला तेव्हा एकामागे एक असे दोन चाप झाले. मागचा ओढला की आतली स्प्रिंग ताणून अडकते. मग पुढच्याला बोट नुसते लागले तरी पुरते. जोर लावण्याचे काम नेम धरण्याआधीच उरकते. अठराव्या शतकात जर्मन आणि स्विस कारागीर पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरच्या आसपास वसले आणि त्यांच्या परंपरेतल्या लांब रायफलींवर, पुढे खारींसाठीच्या बारीक नळीच्या रायफलींवरही, ही जोडी दिसू लागली.

1887 च्या सुमारास पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस आले. कारखान्यातली स्वस्त रायफल शेतकऱ्याच्या पोरांच्याही हाती गेली. तिला चाप बहुधा एकच, साधा.

त्यानंतरचे वळण मात्र कारखान्यात नव्हे, कोर्टात आले. 1963 साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सुतारकामाच्या एका यंत्राच्या खटल्यात ठरवले की, सदोष वस्तूने इजा झाली तर बनवणारा जबाबदार. त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही. बंदुकीच्या कंपन्यांनाही याची झळ बसली. 1978 साली रेमिंग्टनने टेक्सासमधल्या एका जखमीशी 68 लाख डॉलरला तडजोड केली. सेफ्टी सरकवताच रायफल उडून तो माणूस लुळा झाला होता. तो स्वतः वकील होता.

कंपन्या धास्तावल्या आणि चाप ताठ होत गेले. अमेरिकन शिकारी त्याला ‘वकिलांचा चाप’ म्हणू लागले. माझ्या मते यात एक गल्लत होती. आतल्या खटक्याच्या रचनेत खोट असेल, तर नुसती स्प्रिंग कडक करून ती जात नाही. शिवाय ताठ चापाला वैतागलेले लोक घरीच त्या खटक्याला कानस लावू लागले. त्याची कड जराशी जास्त घासली गेली, तर बंदूक नुसती जमिनीवर आपटूनही उडू शकते. म्हणजे कंपनीला ज्याची भीती, तेच मालकाच्या घरी तयार होऊ लागले.

2003 च्या सुमारास सॅव्हेज कंपनीने यातून वाट काढली. तिचे प्रमुख रॉन कोबर्न यांनी हलका, तरीही भरवशाचा चाप करा, असे आपल्या अभियंत्यांना सांगितले होते. त्यांनी चापाच्या मधोमध एक पातळ पाते बसवले. बोटाने ते पूर्ण दाबल्याशिवाय बार उडत नाही. धक्क्याने खटका सुटलाच, तर पाते त्याला अडवते आणि बोल्ट पुन्हा ओढावा लागतो. चापाचा जोर मात्र मालकाने कंपनीच्याच हत्याराने कमी करून घ्यायचा, कानशीशिवाय. लवकरच हा चाप त्यांच्या पॉइंट टू-टू रायफलींवरही आला आणि पुढच्या दहा वर्षांत इतर कंपन्यांनीही तसली पाती काढली.