श्रीरामपूर ते बडोदे, व्हाया मुंबई

अमेरिकेत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात तो मुख्यतः हातांचा खेळ आहे. दूरवर धावत जाऊन फेकलेला चेंडू झेलणारा तिथला 'वाइड रिसीव्हर' व्यावसायिक होतो तो बहुधा महाविद्यालयाच्या दारातून. विद्यापीठाच्या संघात नाव कमवायचे आणि १९३६ पासून चालत आलेल्या वार्षिक निवडीत आपले नाव पुकारले जाण्याची वाट पाहायची. तो कोणत्या गावचा, हा प्रश्न तिथे फारसा उरत नाही. आपल्याकडे मात्र खेळाडूला आधी नकाशा ओलांडावा लागतो. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने तो कसा ओलांडला, हे त्याच्या बळींच्या आकड्यांइतकेच पाहण्यासारखे आहे.

जन्म १९७८ चा. वडील छायाचित्रकार, आई शिक्षिका; गाव ऊस आणि साखरेचे, क्रिकेट टेनिसच्या चेंडूचे. बारावीनंतर अभियांत्रिकीचा रस्ता समोर होता. देशात अभियंते पुष्कळ आहेत, तू वेगवान गोलंदाज हो, असे वडिलांनीच सुचवले, हा प्रसंग आता दंतकथेइतका सांगितला जातो. मराठी मध्यमवर्गीय घराच्या इतिहासात या सल्ल्याला जोड सापडणे कठीण! 'कोसला'तला (१९६३) सांगवीकर खेड्यातून पुण्याला येतो तो कॉलेजसाठी. हा मुलगा सतराव्या वर्षी कॉलेज सोडून निघाला, आणि तोही पुण्याला नव्हे, मुंबईला.

ही निवड साधी नव्हती. क्रिकेटच्या नकाशावर महाराष्ट्र राज्य एक नाही. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन संघटना इथे नांदतात. नगर जिल्हा पुण्याच्या महाराष्ट्र संघटनेत मोडतो. याच संघाने प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला होता. देवधर स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवीत. प्राध्यापक आणि कर्णधार एकाच देहात सुखाने राहू शकत, असा तो काळ. झहीरच्या काळापर्यंत ते वैभव ओसरले होते. मुंबईत नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये त्याला सुधीर नाईक भेटले. नाईक स्वतः तीन कसोटी खेळलेले, १९७०-७१ मध्ये मुंबईला रणजी जिंकून देणारे कर्णधार. झहीरच्या हाती खरा, कातड्याचा चेंडू नियमाने आला तो इथे. पुढे चेन्नईला एमआरएफ पेस फाउंडेशन. १९८७ मध्ये एका टायर कंपनीने काढलेल्या या शाळेत डेनिस लिलीसारखा गुरू होता. विद्यापीठाने करायचे काम क्लबने आणि कारखानदाराने केले, असे म्हणायला हरकत नाही.

तरीही मुंबईच्या रणजी संघात जागा मिळेना. १९९९-२००० मध्ये तो प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळू लागला ते बडोद्याकडून. इथे विजय हजारे आठवतात. ते सांगलीचे, १९३९-४० मध्ये महाराष्ट्रातर्फे नाबाद ३१६ धावा काढल्या त्या बडोद्याविरुद्धच, आणि थोड्याच काळात ते बडोद्याचे झाले. तेव्हा खेळाडूला पोसणारे संस्थान होते. संस्थान गेले, पण त्याचा संघ राहिला, आणि साठ वर्षांनी आणखी एका मराठी मुलुखातल्या मुलाला त्यानेच दार उघडले.

पुढचा भाग सर्वांना ठाऊक आहे. ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीत भारतातर्फे पहिला सामना आणि त्याच स्पर्धेत स्टीव्ह वॉचा त्रिफळा उडवणारा यॉर्कर. मग २००१ च्या एप्रिलमध्ये रेल्वेविरुद्ध रणजीचा अंतिम सामना: दुसऱ्या डावात ४३ धावांत ५ बळी आणि बडोद्याचा २१ धावांनी विजय. बडोद्याने करंडक जिंकला तो १९५७-५८ नंतर प्रथमच.

ज्या मुंबईने त्याला थांबवून ठेवले, तिच्याकडून तो २००६-०७ मध्ये खेळला आणि रणजीही जिंकला. महाराष्ट्राच्या रणजी संघाकडून, म्हणजे जन्मगाव ज्यात मोडते त्या संघाकडून, तो कधीच खेळला नाही.