किकी किरिन

किकी, किरिन : (१५ जानेवारी १९४३–१५ सप्टेंबर २०१८). जपानी रंगभूमी, दूरचित्रवाणी आणि चित्रपट यांतील अभिनेत्री. किकी हे आडनाव व किरिन हे नाव, दोन्ही त्यांनी स्वतःच घेतलेली. ऐन तारुण्यात म्हातारीची भूमिका करून त्या घरोघरी पोहोचल्या आणि खरे म्हातारपण आल्यावर ते पडद्यावर झाकायला राजी झाल्या नाहीत.

जन्म टोकियोत. मूळ नाव नाकातानी केइको. १९६१ मध्ये बुंगाकुझा या नाट्यसंस्थेत त्या दाखल झाल्या व युकी चिहो या नावाने काम करू लागल्या. १९७४ च्या ‘तेराउची कानतारो इक्का’ या मालिकेत त्या आजी झाल्या तेव्हा वय होते अवघे ३१. पडद्यावरचा मुलगा त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठा! केसांचा रंग त्यांनी उडवला. हात मात्र वय लपू देईनात, म्हणून बोटे कापलेले हातमोजे चढवले. ‘जूली’ या टोपणनावाने ओळखला जाणारा गायक सावादा केन्जी याच्या पोस्टरसमोर अंग घुसळत ‘जूली!’ म्हणून आळवणारी ही आजी प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली.

१९७७ मध्ये दूरचित्रवाणीवरील एका लिलावाच्या कार्यक्रमात, विकण्यासारखे दुसरे काही नाही म्हणून, त्यांनी आपले गाजलेले नावच विकायला काढले. एका बुटीकमालकाने ते २०,२०० येनला घेतले. शब्दकोश चाळून, कानाला गोड लागले म्हणून, त्यांनी ‘किकी किरिन’ हे नाव धारण केले.

फोटो फिल्म बनवणाऱ्या फुजी कंपनीची १९८० मधील जाहिरात त्यांच्या सौंदर्यविषयक रोखठोकपणाचा नमुना मानली जाते. फोटोच्या दुकानात त्या गिऱ्हाईक, किशिमोतो कायोको विक्रेती. सुंदर नसलेलेही फोटोत सुंदर दिसतील, असे मूळ संवादात होते. असे कसे होईल, असा किकी यांचा आक्षेप. मग संवाद बदलला : सुंदर माणसे अधिक सुंदर दिसतील, बाकीची आपापल्या परीने. लोक हसले आणि हे वाक्य बोलीत रुळले.

प्रसिद्धीचा बडेजाव त्यांनी ठेवला नाही. उत्तरार्धात ना व्यवस्थापक, ना एजन्सी. कामाची विचारणा घरच्या फॅक्सवर वा उत्तरयंत्रावर यायची. २००५ मध्ये स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली. २०१३ मध्ये जपान अकादमीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार स्वीकारताना, कर्करोग सर्वांगात पसरल्याचे त्यांनी व्यासपीठावरूनच सांगून टाकले. २०१६ मधील एका वृत्तपत्रीय जाहिरातीत त्या इंग्रज चित्रकार मिले याच्या चित्रातील ऑफीलियासारख्या पाण्यात पहुडलेल्या दिसल्या. विषय होता, आपले मरण आपल्या मर्जीने.

कावासे नाओमी यांच्या ‘स्वीट बीन’मध्ये (२०१५) त्यांनी डोरायाकी या गोड पदार्थात भरायचे अझुकी या कडधान्याचे पुरण शिजवणारी तोकुए रंगवली. पूर्वी होऊन गेलेल्या कुष्ठरोगाने तिची बोटे वाकलेली असतात. कोरे-एदा हिरोकाझु यांच्या ‘शॉपलिफ्टर्स’साठी (२०१८) कवळी काढण्याची कल्पना किकी यांचीच. बोळक्या तोंडाची ही आजी कान महोत्सवात पाम दॉर मिळवणाऱ्या चित्रपटात झळकली, त्याच वर्षी टोकियोत त्यांचे निधन झाले. चहाविधी शिकवणाऱ्या नीटनेटक्या, किमोनोधारी गुरूची त्यांची भूमिका असलेला ‘एव्हरी डे अ गुड डे’ त्यानंतर महिनाभरातच प्रदर्शित झाला.