आईचा डोळा आणि तराजूचा कांटा

मराठी घरांत तान्ह्या मुलाच्या अंगलटीविषयीं शब्द पुष्कळ आहेत. मूल बाळसें धरतें, दूध त्याच्या अंगीं लागतें, तें गुटगुटीत होतें किंवा सुकतें. हीं सारीं मापें पाहणाऱ्या डोळ्यांचीं व मांडीवर घेणाऱ्या हातांचीं आहेत. बाळसें दिसूं लागलें कीं आई गालाला काजळाची तीट लावी आणि तिन्हीसांजेला मीठमोहऱ्यांनीं दृष्ट काढी. मूल तराजूंत घालणें म्हणजे दृष्टीला आमंत्रण देणें, अशी कित्येक घरांत समजूत असे. नवस फेडतांना देवापुढें मुलाची गुळानें तुला होई खरी. परंतु तेथें मोजला जाई तो गूळ, मूल नव्हे.

या समजुतीला हंसणें सोपें आहे. पण तिच्या मुळाशीं अनुभव होता. देवी, गोवर आणि हगवण ज्या काळीं घरोघरचे पाळणे रिकामे करीत, त्या काळीं अंगावरचें मांस हीच आजारपणांतील शिल्लक होती. गुटगुटीत मूल दुखण्यांतून उठण्याचा संभव अधिक, हें आयाबायांनीं पाहिलेलें होतें. डोळ्याचा दोष निराळा आहे. तो शेजारच्या पाळण्याशीं तुलना करून पाहतो. ज्या वस्तींत सगळींच मुलें रोड, तेथें रोड मूल चारचौघांसारखें वाटतें. आणि जें मूल रोज डोळ्यांसमोर असतें, त्याची झीज सर्वांत उशिरां ध्यानांत येते.

हा दोष ओळखून तराजू हातीं घेणाऱ्यांत पॅरिसचे डॉ. पियेर ब्यूदँ अग्रेसर होते. १८९२ सालीं त्यांनीं शारिते रुग्णालयांत अशी प्रथा पाडली कीं, तेथें बाळंत झालेल्या स्त्रियांनीं आपलीं मुलें नियमानें परत आणावींत, त्यांचें वजन व्हावें आणि त्यावरून मातेला दुधाविषयीं सल्ला मिळावा. दुखणें उमटण्यापूर्वींच कांटा इशारा देतो, हें त्यामागील तत्त्व होतें.

डोळा किती फसतो, तें पुढें आफ्रिकेंत दिसलें. गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, येथें डॉ. सिसिली विल्यम्स यांनीं १९३३ सालीं एका बालरोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें. धाकटें भावंड झाल्यामुळें आईचें दूध तुटलेलीं आणि मक्याच्या पेजेवर राहिलेलीं तीं मुलें होतीं. त्यांचे हातपाय सुजत. ही सूज दुरून बाळशासारखी दिसे. वस्तुतः ती उपासमार होती. या रोगाचें ‘क्वाशिऑर्कर’ हें स्थानिक नांव विल्यम्सबाईंनीं १९३५ सालीं वैद्यकांत रूढ केलें. येथें कांटाही फसतो, कारण अंगांत सांचलेल्या पाण्यालाही वजन असतें. म्हणून पायावर बोट दाबून खळगा राहतो कीं काय, तें पाहावें लागतें.

१९५० नंतरच्या दशकांत नायजेरियांतील इमेसी या गांवीं डॉ. डेव्हिड मॉर्ले यांनीं आणखी एक पाऊल टाकलें. वजनाची रेषा काढलेलें कार्ड त्यांनीं आईच्याच स्वाधीन केलें. एका दिवसाच्या आंकड्याहून रेषेची दिशा महत्त्वाची. रेषा चढती असेल तर चिंता नाहीं. ती आडवी झाली, तर मूल हंसतखेळत असलें तरी सावध व्हावें. भारतांत २ ऑक्टोबर १९७५ रोजीं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि वजनाचा कांटा अंगणवाडीच्या द्वारें खेड्यांतल्या आईपर्यंत पोहोंचला.

‘आमच्या घराण्यांत मुलें बारीकच’ हें समाधानही पुढें तपासलें गेलें. जागतिक आरोग्य संघटनेनें सहा देशांतील मुलें मापून २००६ सालीं वाढीचीं नवीं मानें प्रसिद्ध केलीं. त्यांत दिल्लीचीं मुलें होतीं. आईचें दूध, पुरेसा आहार व निरोगी परिस्थिति मिळाली, तर निरनिराळ्या देशांतील मुलें पांच वर्षांपर्यंत बहुतेक सारखींच वाढतात, असें आढळलें.

आज त्याच डोळ्याची चूक उलट दिशेनेंही होते. अनेक पाहण्या एकत्र करून २०१४ सालीं काढलेल्या निष्कर्षाप्रमाणें, प्रमाणाबाहेर वजन वाढलेल्या मुलांच्या सुमारें निम्म्या आईबापांना तें वजन खऱ्याहून कमी वाटत होतें. आजूबाजूचीं मुलें स्थूल झालीं कीं स्थूलता हेंच बाळसें ठरतें. मुलाचें सुकणें आणि त्याचें फुगणें, दोन्ही मायेच्या डोळ्याआड राहूं शकतात, आणि दोहोंची किंमत मुलालाच द्यावी लागते. आईनें तीट अवश्य लावावी. मात्र ठरल्या दिवशीं मूल कांट्यावरही ठेवावें.