बिनधुराच्या निखाऱ्याचा पूर्वपक्ष

निखाऱ्याला धूर नसतो, तेव्हा शेगडी फुलली की ती आत आणून दार लावून घ्यायला हरकत नाही, हे मत धानाच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या कामठ्याच्या भागात डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली उतरतो; विदर्भातल्या सर्वांत थंड ठिकाणांत गोंदियाचं नाव हिवाळ्यात हमखास ऐकू येतं. ज्यांचं काम घरातच चालतं त्यांची अशा वेळी पंचाईत होते. विडी वळणाऱ्या बाईची बोटं आखडतात. पडवीत रंधा मारणाऱ्या सुताराचा पांढरा गोंद धरत नाही; फार थंडीत त्याचा सलग थरच बनत नाही आणि सुकल्यावर तो खडूसारखा भुरभुरीत होतो. तेव्हा ऊब हवी, याबद्दल वाद नाही. ती आणायची कशी, एवढाच वाद आहे.

पूर्वपक्ष, म्हणजे ज्याचं खंडन करायचं ते मत, दुबळा करून मांडला तर खंडनाला अर्थ उरत नाही, म्हणून तो त्याच्या पूर्ण बळानिशी घेऊ. वाडवडील शेगडी उशाशी घेऊन निजले आणि सकाळी धडधाकट उठले, हा अनुभव खोटा नाही. सीमेपलीकडे छत्तीसगडातही गोरसी, म्हणजे मातीची शेगडी, अशीच खाटेजवळ ठेवतात. याला शास्त्राचा आधारही दाखवता येतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, चौदाव्या अध्यायात, जेन्ताक स्वेदाचं, म्हणजे घाम काढण्याच्या एका उपचाराचं, वर्णन आहे: गोल खोली, तिच्या मध्यभागी मातीची उंच भट्टी, तीत खैरासारखी लाकडं पेटवायची आणि ती नीट जळून धूर गेला की मगच रोग्याला आत घ्यायचं. शिवाय हिशेबाचा मुद्दा आहेच. धुराडं लावलं की निम्मी ऊब आभाळात जाते, मग लाकूड जाळायचं कशाला?

आधी अनुभव तपासू. तो अनुभव कोणत्या घरातला होता? मातीच्या भिंती, लाकडी वासे, वर कवेलू. अशा जुन्या घरात कधी चुलीवरच्या वाशांकडे निरखून पाहा. काजळीचा थर सगळीकडे सारखा नसतो. आढ्याकडे तो दाट होत जातो, कवेलूंच्या सांध्यांशी तर डांबरासारखा चकाकतो. तो धुराच्या वाटेचा माग आहे. सकाळी बाहेर उभं राहिलं की छपरातून जागोजागी धूर निघताना दिसतो. म्हणजे धुराडं त्या घरालाही होतं, फक्त ते एका जागी नव्हतं, सगळं छप्परच धुराड्याचं काम करीत होतं. भिंतीच्या माथ्यावर आणि पाख्याच्या खाली वीतभर फट असायची ती वेगळीच. आज त्या जागी सिमेंटचा स्लॅब आला, रबरी पट्टीच्या सरकत्या खिडक्या आल्या. पत्र्याच्या कामाच्या खोलीत वाऱ्याची फट दिसली की आपण तिथे पोतं कोंबतो. शेगडी आजोबांचीच आहे, घर मात्र आजोबांचं राहिलेलं नाही. अर्धी अट गळून पडल्यावर उरलेल्या अर्ध्या अनुभवाला प्रमाण मानणं चूक आहे.

शास्त्राचंही तेच. धूर गेल्यावर आत जा, एवढं वाक्य लोक उचलतात. त्याच वर्णनात ती खोली अनेक वातायनांची असावी असं सांगितलं आहे, ते मात्र सोडून देतात. चरकाला कार्बन मोनॉक्साइड ठाऊक असण्याचं कारण नाही, पण भट्टीच्या खोलीला भरपूर झरोके ठेवायचे, हे त्याने स्पष्ट नोंदवलं आहे. ग्रंथाचा आधार घ्यायचा तर पुरता घ्यावा.

आता मूळ तर्काकडे. धूर आहे तिथे अग्नी आहे, ही न्यायशास्त्रातली प्रसिद्ध व्याप्ती, म्हणजे कधीही न चुकणारी सोबत. ती उलटी फिरवता येत नाही, हे दाखवायला नैयायिक तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचा दृष्टान्त देतात: तिथे अग्नी आहे, धूर नाही. आपल्या पूर्वपक्षात तर याहून लांबची उडी आहे. धूर नाही, म्हणून विष नाही. धूर आणि विष यांची अशी व्याप्ती कुणी, कधी सिद्ध केली? निखारा हाच तिचा व्यभिचार, म्हणजे ती मोडणारा अपवाद, दाखवतो.

फुललेल्या शेगडीच्या तळाशी हवा लागते तिथे कोळसा जळून कार्बन डायऑक्साइड होतो. तो वायू वरच्या लालबुंद कोळशांतून जाताना आणखी कार्बन उचलतो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. शेगडी भर जोरात असताना निखाऱ्यांवर फिकट निळी ज्योत सरकताना दिसते, ती हा मोनॉक्साइड जळण्याची. ज्योत आहे तोवर त्यातला बराचसा वायू जळून जातो. ज्योत विझते, निखाऱ्यावर राखेची साय धरते, ‘आता शेगडी शांत झाली, आत घ्या’ असं आपण म्हणतो, नेमका तेव्हा तो न जळता खोलीत पसरू लागतो. त्याला ना रंग, ना वास, ना डोळ्यांची चुरचुर. धूर निदान खोकायला लावतो, दार उघडायला लावतो.

हा वायू रक्तात काय करतो ते क्लोद बर्नार यांनी १८५७च्या सुमारास दाखवलं; १८९५ मध्ये जे. एस. हॉल्डेन यांनी स्वतः तो श्वासातून घेऊन त्याचे परिणाम टिपले. हिमोग्लोबिनला त्याची ओढ ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त आहे. म्हणून हवेत तो अगदी थोडा असला तरी तासागणिक रक्तात साठत जातो. जागतिक आरोग्य संघटनेने आठ तासांसाठी घालून दिलेली मर्यादा घनमीटरमागे १० मिलिग्रॅम आहे, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत जेमतेम नऊ भाग. आधी डोकं जड होतं, मळमळतं, पायांतलं बळ जातं. विड्या वळत बसलेली बाई त्याला पित्त म्हणते, सुतार जागरण म्हणतो, आणि दोघंही त्याच खोलीत आडवी होतात.

सुतारकामाच्या खोलीत आणखी एक वस्तू दिसते: भुशाची शेगडी. पत्र्याच्या डब्यात लाकडाचा भुसा ठासायचा, मधोमध भोक ठेवायचं, खालून पेटवायचं. तासन्‌तास धुमसते, इंधन फुकटचं, म्हणून ती आवडती. राइस मिलमधला तूसही असाच वापरतात. पण धुमसणं म्हणजेच अपुरं जळणं. जितकी ती जास्त वेळ टिकते तितकी ती जास्त मोनॉक्साइड सोडते. अंगणात ती खुशाल पेटवावी. बंद खोलीत तिला जागा नाही. सुताराच्या खोलीत तर थिनरची वाफ आणि उडती भुकटीही असते, म्हणजे आगीचीही भीती.

मग मंडन काय? लाकडाची बंद चूल, लोखंडी किंवा विटामातीची, आणि तिला छपराच्या वर जाणारं धुराडं. ही कल्पना परकी नाही. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या वर्ध्याच्या मगनवाडीतून धुराड्याची मगन चूल आली. पुढे हैदराबादेत एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या चुलीचा प्रसार केला. १९८०च्या दशकात सरकारी सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. त्यातल्या पुष्कळ चुली पुढे बंद पडल्या, हे कबूल करायला हवं. धुराडी तडकली, काजळीने तुंबली, साफ कुणी केली नाहीत. तो दोष देखभालीचा होता, धुराड्याच्या तत्त्वाचा नव्हता.

तत्त्व सोपं आहे. आतला वायू १५० अंशांवर आणि बाहेरची हवा १५ अंशांवर असेल, तर आतल्या वायूची घनता बाहेरच्या हवेच्या सुमारे दोन-तृतीयांश असते. तीन मीटर धुराड्यात त्यामुळे साधारण ११ पास्कल ओढ तयार होते. हा दाब जेमतेम मिलिमीटरभर पाण्याइतका, पण सगळं विष वर खेचायला पुरतो. या ओढीचं मोल म्हणून काही उष्णता जाते, हा आक्षेप खरा. मात्र निम्मी जाते ती ओलं लाकूड जाळणाऱ्या आणि झडप सताड उघडी ठेवणाऱ्या चुलीची. नुकत्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. ते उकळण्यातच ऊब खर्ची पडते. पावसाळ्याआधी फोडून सावलीत रचलेलं लाकूड किलोमागे सुमारे चार युनिट विजेइतकी उष्णता देतं. चुलीने त्यातली ६० टक्के खोलीत सोडली तरी हजार वॅटचा हीटर अडीच तास चालवल्याइतकी ऊब मिळते. झडप पुरी कधीच मिटायची नाही, आणि खोलीत तळाशी हातभर रुंदीची हवेची वाट ठेवायची. किलोभर लाकडाला जळायला निदान चार-पाच घनमीटर हवा लागते, ती कुठून तरी आत यायलाच हवी.

कामठ्यापुरतं माझं मत असं की इथे मोठी चूल मुळीच लागत नाही. दुपारी अंगणात ऊन असतं. सकाळचे आणि संध्याकाळचे दोन-तीन तास बसणाऱ्याच्या अंगाला आणि हातांना ऊब मिळाली की पुरे, खोली भाजायची नाही. विडीच्या कामात तर फाजील उष्णता घातकच. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं तेंदूपान कोरड्या उष्णतेने कडक होऊन वळताना फाटतं.

खोलीत हवा खेळती ठेवायची जबाबदारी घरावरच येते, याला कायद्याचंही कारण आहे. १९६६च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यात वायुवीजनाची आणि तापमानाची तरतूद होती, पण ती औद्योगिक जागेपुरती, आणि त्या जागेच्या व्याख्येतून राहतं घर वगळलेलं होतं. कारखान्यातल्या कामगाराला झरोक्याचा हक्क होता; घरी वळणाऱ्या बाईला नव्हता.

शेगडीच्या खोलीत कुणाचं डोकं चढलं तर त्याला आधी बाहेर मोकळ्या हवेत न्यावं आणि लगेच दवाखाना गाठावा. साध्या हवेत रक्तातला मोनॉक्साइड निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. ऑक्सिजन लावला तर साधारण दीड तास. कोरोनानंतर घरोघरी आलेल्या बोटाच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. त्याला ऑक्सिजनने भरलेलं हिमोग्लोबिन आणि मोनॉक्साइडने भरलेलं हिमोग्लोबिन वेगळं ओळखता येत नाही, आकडा ९८ दाखवील. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगावं की खोलीत शेगडी होती.